पाच आकडी पाहुणा

कृष्णाबाई गादीवर बसल्या नाहीत. पाण्याचा ग्लास पुढे केला, तोही त्यांनी घेतला नाही. साडीच्या दुकानात आलेली बाई बसत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं आठल्यांना सदतीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं.

"तो पाच आकडी कोन हाय?" कृष्णाबाईंनी सगळ्या दुकानाला विचारलं.

सगळ्या दुकानाने जिन्याखालच्या टेबलाकडे बघितलं. तिथे गुरुदत्त आठल्ये एक मोबाइल, एक वही आणि एक कुरकुरणारा पंखा यांच्या सोबतीने बसले होते. लपायला जागा नव्हती.

"मी," ते उठत म्हणाले. "म्हणजे, नंबर दुकानाचा आहे. मेसेज मी बघतो."

"मंग परवा आलाव का नाय?"

"कुठे?"

"कुठं म्हनजे? बेलपाड्याला, माझ्या नातवाच्या हलदीला. सात वाजल्यापासून खुर्ची धरली होती तुमची. दोन पावने उठवले तिच्यावरनं. माझा दीर रस्त्यावर उभा, का दुकानवाल्यांची गाडी चुकंल."

"आजी, काहीतरी गैरसमज होतोय."

कृष्णाबाईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि हात लांब करून आठल्यांच्या नाकासमोर धरला. 'तारीख मिळाली. आपल्या आनंदात आम्ही सहभागी सौभाग्यकांक्षिणी वस्त्रनिकेतन'.

"हे कुनी लिवलाय?"

"मी," आठल्ये म्हणाले. या खेपेला आवाज जरा बारीक निघाला.

गोष्ट अशी होती. आठल्ये मूळचे गादीवरचे. साडी अशी उडवायची की ती गिऱ्हाइकाच्या मांडीवर अलगद उतरावी आणि उतरताना पदर आपोआप वर यावा, ही त्यांची विद्या. गेल्या दिवाळीत त्यांच्या गुडघ्यांनी मांडी घालायचं साफ नाकारलं. थोरल्या शेटजींच्या काळात अशा माणसाला शाल देत आणि नारळही देत. पण थोरले शेट वारले होते, आणि धाकटे विश्वजीतशेट नुकतेच तीन दिवसांच्या एका शिबिरातून गिऱ्हाइकांशी नातं जोडायला शिकून आले होते. त्यांनी खारघरच्या एका कंपनीकडून पाच आकडी नंबर वर्षाच्या भाड्याने घेतला. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी इंग्रजीत 'हळद' लिहायचं, पुढे हळदीची तारीख टाकायची आणि त्या नंबरला पाठवायचं; बस्त्यावर दहा टक्के सूट. उत्तर यंत्र देणार. त्या उत्तराचा मजकूर लिहायचं काम आठल्यांकडे आलं, कारण दुकानात पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे ते एकटेच होते.

कंपनीची समीक्षा नावाची मुलगी येऊन समजावून गेली. "काका, इंग्लिशला एकशे साठ कॅरेक्टर्स, मराठीला सत्तर. एक जरी वाढलं तरी दोन मेसेजचा चार्ज." काना वेगळा मोजायचा, मात्रा वेगळी, अक्षराचा पाय मोडला तर तो मोडलेला पायही वेगळा. मराठी माणसाला मोजकं बोलायला लावणारी ही बहुधा पहिलीच यंत्रणा. त्यात एकोणतीस जागा दुकानाच्या नावातच संपत. तीन दिवस आठल्ये बोटांवर मोजत बसले. 'बस्त्यासाठी दुकानात यावे' हे वाक्य आधी गेलं, 'सूट मिळेल' त्याच्या मागोमाग गेलं. उरले ते बरोब्बर सत्तर. शेवटी पूर्णविराम द्यायलाही जागा राहिली नाही. आठल्यांना त्या मजकुराचा अभिमान होता, आणि तो कृष्णाबाई येईपर्यंत टिकला.

"आजी, हे मशीन पाठवतं," ते म्हणाले. "तारीख आली की आपोआप जातं."

"आमच्यात हलदीची तारीख कोन इचारतो? ज्याला यायचं असतं तो. तुमी इचारली, आमी दिली, तुमी लिवलाव मिलाली. आनखी काय पाह्यजे होतं, हातावर अक्षता?"

"तसं नाही, पण..."

"माइकवर नाव घेतलं तुमचं. तीनदा. कोन उठलाच नाय. सगल्या मांडवात हसं झालं माझं." कृष्णाबाईंनी फोन परत पिशवीत टाकला. "आमच्या भावकीचे सात गाव हायेत. ह्या सालात तिथं जेवढी लग्ना हायेत, त्यांचा बस्ता कुठनं जायचा नाय ते मी सांगते त्यांना."

जाता जाता दाराशी टांगलेल्या एका अंजिरी पैठणीचा काठ त्यांनी दोन बोटांत धरून चोळला, क्षणभर थांबल्या आणि सोडून दिला. आठल्ये खरे घाबरले ते तेव्हा. कापड आवडलेलं असूनही बाई निघून जाते, याचा अर्थ ती बोलते तसं करणार होती.

वरच्या केबिनमध्ये विश्वजीतशेट फिरत्या खुर्चीत अर्धे अर्धे फिरत होते.

"काका, टोटल किती जणांना गेलाय हा मेसेज?"

"त्रेचाळीस. चार तारखा होऊन गेल्या."

"म्हणजे एकोणचाळीस घरं आपली वाट बघणार."

"खुर्ची धरून," आठल्ये म्हणाले. माहिती अर्धवट राहू नये म्हणून.

शेटनी समीक्षाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सर, टेक्स्ट चेंज होईल," ती म्हणाली, "पण नवीन मजकूर आधी अप्रूव्ह करून घ्यावा लागतो. आठ-दहा दिवस तरी. तोपर्यंत जो कोणी तारीख पाठवेल त्याला हेच जाणार."

"मग नंबर बंद कर."

"ऐन सीझनला? सर, रिस्पॉन्स बघा ना तुमचा. लोक तारीख पाठवतायत, वर परत 'वाट बघतो' म्हणून पाठवतायत. असं आमच्या कुठल्याच क्लायंटला होत नाही. एंगेजमेंट सुपर आहे."

फोन बंद झाल्यावर विश्वजीतशेट भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलल्यासारखे म्हणाले, "एंगेजमेंट सुपर आहे." मग आठल्यांकडे वळले. "तुम्ही लिहिलंत, काका. तुम्हीच जा."

"एकोणचाळीस हळदींना?"

"नारळ आणि ब्लाउजपीस दुकानातून न्या. रिक्षा मी सांगतो. सात गावांचे बस्ते टिकले, तर महिनाअखेरीनंतर तुमच्या टेबलाचं बघू. गेले, तर मला ते टेबल ठेवता येणार नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

आठल्यांनी राग मानला नाही. तेवढा वेळ नव्हता. त्याच संध्याकाळी तीन हळदी होत्या आणि तिन्ही तीन दिशांना.

रिक्षा विठूची होती. विठू बेलपाड्याचा, वय पन्नाशीचं, आणि परवाच्या मांडवात तोही जेवायला होता. त्याने आठल्यांना आरशात नीट न्याहाळून घेतलं.

"तुमीच का पाच आकडी? बारीक हायेत. आमाला वाटलं कोन तरी मोठा मानूस असंल."

"विठू, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. जास्त नाही."

"काका, दहा मिन्टांत तर लोक हलदीतनं निघताना चपला शोधतात."

तळोज्याच्या पहिल्या मांडवात डीजे एवढ्या जोरात होता की आठल्यांचा नारळ हातातल्या हातात थरथरत होता. पांढरा शर्ट, हातात नारळ आणि चेहऱ्यावर घाई बघून वराच्या काकांनी त्यांना दारातच अडवलं. "भटजी, लगीन उद्या हाय. आज कनाला आलाव?"

"मी भटजी नव्हे. दुकानातून आलोय. तो पाच आकडी नंबर..."

काकांनी मागे वळून हात उंच केला. "आला रे, पाच आकडी आला."

मांडवातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. बेलपाड्याची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. डीजे थांबवून माइकवर जाहीर झालं, "पाच आकडी नंबरवाल्यांकडून एक नारळ, एक ब्लाउजपीस. मंडळ त्यांचे आभारी आहे." मग त्यांना पहिल्या रांगेत बसवून मटणाचं ताट पुढे आलं. आठल्ये खात नाहीत म्हटल्यावर घरातल्या चार बायका हवालदिल झाल्या आणि शेवटी भात, पापड व दोन केळी यांवर तडजोड झाली. तिसऱ्या मांडवात त्या दिवसातलं सहावं केळं सोलताना त्यांच्या लक्षात आलं की अजून छत्तीस घरं बाकी आहेत.

तेव्हापासून आठल्यांचं बूड कुठे टेकेना. साडेपाच वाजले की टेबलाखाली पाय हलायला लागत. हळदीत असताना ते मनाने पुढच्या हळदीत असत आणि घरी पोचल्यावर मागच्या. कुणी खुर्ची दिली की ते टोकावर बसत, चहा दिला की बशीत ओतून उभ्याने पीत. नवरा कोण आणि नवरी कोण, यात त्यांचा दोनदा घोटाळा झाला. एकदा तर विठूला भलताच पत्ता सांगून ते एका साखरपुड्यात नारळ देऊन आले आणि खऱ्या घरी बायको माहेरहून उशिरा आली म्हणून सांगावं लागलं. आठल्येबाई गेली चौतीस वर्षं माहेरी राहायला म्हणून गेल्या नव्हत्या.

"तुमी बसत का नाय जरा?" विठू विचारायचा. "लोक म्हनतात, पाच आकडी लय गडबडीत असतो. वीज बिल वाटतो तसा हलद वाटत फिरतो."

नवव्या का दहाव्या हळदीला गव्हाणमध्ये गडबड पहिल्यांदा थांबली. नवरीची आई ताट घेऊन पुढे आली, तिच्या अंगावर हिरवा शालू होता. पोपटी नव्हे, मेंदीही नव्हे. कैरीच्या सालीचा असतो तो हिरवा. आठल्यांनी नारळ पुढे केला आणि तो तसाच हातात राहिला.

"हा शालू घेताना तुम्ही जांभळ्यावर अडून बसला होतात," ते म्हणाले.

"क्काय?"

"सासूबाईंना जांभळा पसंत नव्हता. तुम्ही उठून जिन्यापाशी गेलात, डोळे पुसलेत. मग मी वरच्या कपाटातून हा काढला. अठ्ठ्याण्णव साल."

बाईने पदर तोंडाला लावला. "ते कोनाला ठाव नाय," ती म्हणाली. "माझ्या मालकालापन नाय."

"मलाही तुमचा चेहरा आठवत नाही," आठल्ये म्हणाले. "शालू आठवतो."

यात फुशारकी नव्हती. माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत. स्वतःच्या साडूलाही ते रस्त्यात ओळख देत नसत, त्यावरून घरी अबोला झालेला होता. कापड मात्र एकदा हातातून गेलं की कायमचं ध्यानात. ही बातमीही त्यांच्या पुढे धावू लागली. आता मांडवात शिरताच बायका ट्रंकेतल्या साड्या नेसून, नाहीतर सरळ हातावर घेऊन त्यांच्याभोवती जमायच्या. "ही सांगा." "ही नाय सांगता यायची तुमाला, ही माझ्या आईची." आठल्ये काठ चाचपून सांगत. कधी साल सांगत, कधी सोबत कोण आलं होतं ते सांगत, आणि एकदा 'ही आमच्या दुकानातली नाही, समोरच्या दुकानातली आहे' असंही त्यांनी सांगितलं. तेव्हा सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. बाहेर विठू हॉर्न वाजवत राहायचा. पुढचं घर खोळंबलेलं असायचं. आठल्ये एक डोळा घड्याळावर आणि एक काठावर ठेवून घामाघूम व्हायचे.

बस्ते आले. तळोज्याचे आले, गव्हाणचे आले, बेलपाड्याचेही आले. कृष्णाबाई स्वतः आल्या, गादीवर बसल्या, पाणी प्यायल्या, अंजिरी पैठणी घेतली आणि जाताना आठल्यांच्या टेबलापाशी वाकून धाकट्या नातीची तारीख तोंडी सांगून गेल्या. "मशीनला सांगू नका. तुमाला सांगते."

एप्रिलअखेर विश्वजीतशेटनी त्यांना वर बोलावलं. ते फार खूश होते.

"काका, तुम्ही कमाल केलीत. मी आता हे मोठ्या स्केलवर नेतोय." त्यांनी टेबलावर एक पिवळा टी-शर्ट उलगडला. पाठीवर पाच आकडे होते, वीतभर उंचीचे. "सहा मुलंमुली घेतलीत. प्रत्येक हळदीला दोघं जाणार, फोटोची फ्रेम नेणार, गिफ्ट व्हाउचर देणार. बारा मिनिटांत बाहेर. मे महिन्यातल्या दहा हळदी तेच करतील."

"आणि मी?"

"तुम्ही आराम करा आता. गुडघे सांभाळा."

मग शाल आली आणि नारळही आला. काही पद्धती शिबिरात जाऊनही सुटत नाहीत.

आठल्यांनी वही शेटच्या हवाली करायची म्हणून शेवटचं पान काढलं. दहातल्या नऊ नावांपुढे शेटनी आधीच खूण केली होती. एक नाव कोरं होतं.

"ही सोनाबाई राहिली. नऊ मे."

"बघितलं मी. तिचा बस्ता नाही, काका. मागे दोन नऊवारी नेल्यात फक्त. द्रोणागिरीच्या पुढे टीम पाठवायची, तर एवढ्याशासाठी कोण जाणार?"

"पण आपण कळवलंय तिला."

"मशीनने कळवलंय."

हे वाक्य आठल्यांनी ओळखलं. ते त्यांचंच होतं.

वही ठेवताना त्यांनी सोनाबाईचा मूळ मेसेज मोबाइलवर पुन्हा एकदा वाचला. यंत्र फक्त तारीख उचलतं, बाकीचं सोडून देतं. बाकीचं असं होतं: 'नातीची हलद. मानसा कमी हायेत. नक्की यावा.'

नऊ मेपर्यंतचे आठ दिवस आठल्येबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. नवरा साडेपाचला कपडे करून दारात उभा राही आणि मग काही आठवल्यासारखा भाजी आणायला निघून जाई. घरात भाजी फार झाली.

नऊ तारखेला दुपारी आठल्ये दुकानात गेले आणि पहिल्यांदाच गादीच्या अलीकडच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर टेकले. गादीवर काशिराम होता. त्याला आठल्यांनीच शिकवलेलं.

"काका, तुम्ही इथे कशाला बसलात? आत या ना."

"साडी दाखव. लग्नाच्या मुलीला द्यायची आहे. सावळी असेल बहुतेक."

"कोणाची मुलगी?"

"माहीत नाही."

काशिरामने यावर विचार करायचं टाळलं आणि साडी उडवली. ती वाकडी उतरली. आठल्यांचा हात ती सरळ करायला पुढे गेला, अर्ध्यावर थांबला आणि परत मांडीवर येऊन बसला.

"दहा टक्के सूट लावू?" काशिरामने विचारलं.

"मला कसली? माझ्या घरी कुठे हळद आहे?"

द्रोणागिरीच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती आणि बस तिच्यात अडकून पडली. आठल्ये सीटवरून उठून दरवाजापाशी उभे राहिले, तिथून पुढे कंडक्टरपाशी, तिथून परत दरवाजात. "काका, तुम्ही चाललात म्हणून बस चालत नाही," कंडक्टर म्हणाला. शेवटी एक स्टॉप आधीच ते उतरले आणि गोदामांच्या भिंतीच्या कडेने, साडीची पिशवी छातीशी धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी चालत सुटले.

खाडीच्या बाजूला सात-आठ घरांची वस्ती होती. अंगणात ताडपत्रीचा मांडव, दोन ट्यूबलाइटी. डीजे नव्हता. म्हातारी धवलारीण एकटीच लग्नाचे धवले गात होती आणि चार-पाच बायका मधूनच साथ देत होत्या. पाटावर बसलेली मुलगी खरंच सावळी होती.

सोनाबाई हळदीची वाटी घेऊन उठल्या. "कोन?"

"आठल्ये. पनवेलहून आलोय."

"दुकानातनं?"

"नाही. दुकानात नसतो मी आता."

"मंग?"

आठल्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तारीख कळली होती मला."

सोनाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. पायावरची धूळ बघितली. आणखी काही विचारलं नाही. "बसा," म्हणाल्या, आणि बसायच्या आतच म्हणाल्या, "नको, आधी इकडं या. पोरीचा मामा समुद्रात हाय, बोट उद्या लागंल. मोठा मानूस एकपन नाय लावायला. लावा तिला हलद."

आठल्यांनी साडीची पिशवी मुलीच्या मांडीवर ठेवली, वाटीत बोटं बुडवली आणि मुलीच्या कपाळाला, मग दोन्ही हातांना हळद लावली; कापडाचा पोत बघावा तशी, हलक्या हाताने. ते मागे सरकत होते, तेवढ्यात सोनाबाईंनी वाटी पुसून घेतली, दोन्ही तळवे त्यांच्या गालांवर फिरवले आणि उरलेली हळद शर्टाच्या छातीवर पुसली. बायका हसल्या. धवलारीण गायची थांबली नाही. एवढ्या हळदी झाल्या होत्या, आणि एकाही मांडवात कुणी त्यांच्या शर्टाला बोट लावलं नव्हतं. दुकानाच्या माणसाचे कपडे सांभाळायचे असतात.

शेवटची बस निघायच्या बेतात असताना कुणाला तरी त्यांना तिथून उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठल्येबाईंनी बादलीतला शर्ट पिळून बघितला.

"साबण नाही लावलात ते बरं केलंत, लाल झाला असता. वर गच्चीत टाका. ऊन कडक आहे, संध्याकाळपर्यंत डाग उडेल."

"हो," आठल्ये म्हणाले.

हळदीचा डाग उन्हात उडतो, हे त्यांनी आजवर किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल त्याची मोजदाद नव्हती. ते शर्ट घेऊन गच्चीच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढले. वर दारातून पांढरंशुभ्र ऊन आत आलं होतं. थोडा वेळ ते तिथेच उभे राहिले. मग कठडा धरून एकेक पायरी खाली आले, आतल्या खोलीत गेले आणि जिथे दिवसभर ऊन येत नाही त्या दाराआडच्या दोरीवर तो शर्ट, दोन्ही बाह्या सारख्या करून, वाळत घातला.